वाचकांचे प्रश्न : परी, यक्ष, विद्याधर की एल्फ?

मागील अंकात लोककथांतील अद्भुत योनींविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी नावांच्या प्रश्नाभोवती फिरणारी आहेत. त्यांतील निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही काही मित्रमैत्रिणी रविवारी एकत्र बसून फाशांवर चालणारा, प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचा कल्पनारम्य खेळ मराठीतून खेळतो. खेळ चालवण्याचे काम माझ्याकडे असते. इंग्रजी नियमपुस्तकात 'फेअरी' आणि 'एल्फ' हे दोन वेगळे प्रकार आहेत. सुरुवातीला मी दोहोंनाही 'परी' म्हटले. परंतु एका मित्राचे पात्र सहा फुटी एल्फ तिरंदाज असल्याने सगळे त्याला 'परा' म्हणू लागले आणि ऐन लढाईत खेळ थांबवावा लागला. कोणी यक्ष सुचवतो, कोणी गंधर्व, कोणी किन्नर. नेमके काय म्हणावे? (दादर)

उत्तर : आपल्या मित्राला चिकटलेले 'परा' हे नाव आता सुटेल असे वाटत नाही, पण खेळातील इतर एल्फांना वाचवता येईल.

गोंधळाचे मूळ इंग्रजीतच आहे. फेअरी हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'फाता', म्हणजे माणसाचे प्राक्तन ठरवणाऱ्या देवता आहेत. आपल्याकडे पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळावर लेख लिहून जाणारी सटवाई जे काम करते, तेच काम या देवतांचे होते, आणि युरोपीय कथांत राजकन्येच्या बारशाला येऊन वर किंवा शाप देणाऱ्या फेअरी हा त्याच कामाचा अवशेष आहे. एल्फ हा मात्र उत्तर युरोपातील जर्मानिक भाषांचा जुना शब्द. आइसलँडचा स्नोरी स्तुर्लुसन याने तेराव्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात आल्फहाइम या लोकात राहणारे तेजस्वी एल्फ आणि भूमीखाली राहणारे काळे एल्फ असे दोन वर्ग दिले आहेत. जुन्या इंग्रजी वैद्यकात अंगात अचानक उठणाऱ्या कळेला एल्फांचा बाण लागला असे म्हणत. आल्फ्रेड या नावाचा अर्थही 'ज्याला एल्फांचा सल्ला लाभतो तो' असाच आहे. थोडक्यात, हे दोन्ही प्रकार मुळात बोटभर उंचीचेही नव्हते आणि गोडही नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या रंगभूमीवर आणि कवितेत त्यांची सरमिसळ झाली, आकार लहान झाला, आणि पुढच्या दोन शतकांत चित्रकारांनी त्यांच्या पाठीला चतुरासारखे पारदर्शक पंख लावले. ही प्रतिमा इतकी रुजली की १९१७ साली इंग्लंडमधील कॉटिंग्ली गावच्या दोन मुलींनी कागदी कापलेल्या पऱ्या टाचण्यांनी उभ्या करून काढलेली छायाचित्रे शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी खरी मानली आणि १९२० साली मासिकातून लेख लिहून जगापुढे ठेवली.

एल्फांना त्यांची उंची परत मिळाली ती विसाव्या शतकात, जे. आर. आर. टोल्कीन यांच्या कादंबऱ्यांमुळे. त्यांनाही आपल्यासारखाच प्रश्न पडला होता. जर्मनमध्ये 'एल्फ' हा शब्द अठराव्या शतकात इंग्रजीतूनच उसना गेला होता आणि त्याला फुलांवर बागडणाऱ्या चिमुकल्यांचा वास लागला होता. म्हणून टोल्कीन यांनी अनुवादकांसाठी लिहिलेल्या टिपणात जर्मन भाषांतरकाराने 'एल्ब' हे जुने रूप वापरावे असे सुचवले, आणि १९६९-७०च्या जर्मन आवृत्तीत ते वापरले गेले. आपण ज्या प्रकारचा खेळ खेळता त्याचा आद्य नमुना, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि त्यातील एल्फ हे बव्हंशी या उंच एल्फांचे वंशज आहेत. फेअरी मात्र तेथे 'फे' नावाच्या वेगळ्या वर्गात बसतात. नियमपुस्तकात जो भेद मुद्दाम राखलेला आहे तो मराठीत पुसून टाकू नये, एवढे यावरून निश्चित होते.

आता 'परी'कडे येऊ. ध्वनिसाम्यामुळे अनेकांना परी आणि फेअरी हे सख्खे शब्द वाटतात, परंतु त्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. परी फारसीतून आली. तिची पूर्वज म्हणजे अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातील 'पइरिका', आणि ही पइरिका दुष्ट आहे. तिश्त्र्य या ताऱ्याच्या स्तोत्रात तुटत्या ताऱ्यांच्या रूपाने आकाशात फिरणाऱ्या पइरिकांचा तो पराभव करतो. पुढे फारसी काव्यात तिचे रूप पालटले आणि ती सौंदर्याची उपमा झाली. मुंबईतील पारशी घरांत परीझाद, म्हणजे परीपोटी जन्मलेली, असे नाव मुलीला कौतुकाने ठेवले जाते ते त्यानंतरच्या परीमुळे.

आपल्या मनातील परीला सध्याचे रूप देण्यात रंगभूमीचा हातही मोठा आहे. लखनौच्या आगा हसन अमानत यांनी १८५३च्या सुमारास रचलेली 'इंदरसभा' मुंबईच्या पारशी नाटक मंडळ्यांनी गावोगावी नेली. तिच्यात इंद्राच्या दरबारात अप्सरांच्या जागी सब्ज परी, लाल परी अशा पऱ्या नाचतात, आणि मर्त्य राजपुत्रावर प्रेम केले म्हणून सब्ज परीचे पंख छाटले जातात. असाच 'इंद्रसभे'चा प्रयोग पुण्यात पाहून अण्णासाहेब किर्लोस्कर यांना मराठीत संगीत नाटक करावेसे वाटले आणि १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आले, असे नाट्येतिहासात सांगितले जाते. एका पऱ्यांच्या नाटकातून अप्सरेच्या मुलीचे नाटक निघावे, हा योग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. पंखांचे म्हणाल, तर घारापुरीच्या लेण्यात शिवाच्या शिल्पपटांकडे मान वर करून पाहावे. वरच्या पट्टीत ढगांतून उडणारी देवयोनींची जोडपी आहेत. त्यांचे पाय गुडघ्यात मागे दुमडलेले आहेत, अंगाला किंचित कल आहे, आणि एकाच्याही पाठीला पंख नाही. आपल्या शिल्पकाराला उड्डाण दाखवण्यासाठी दुमडलेला पाय पुरतो. त्यामुळे पंखवाली, लहानशी, स्त्रीरूप फेअरी खेळात आली तर तिला निःशंकपणे परी म्हणावे. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे तेच चित्र उभे राहते.

एल्फांसाठी सुचवलेल्या नावांचा विचार 'अमरकोशा'पासून करणे सोयीचे. त्यात विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध आणि भूत अशा दहा देवयोनी एका श्लोकात सांगितल्या आहेत. यांपैकी किन्नर हा शब्द आज तृतीयपंथी समाजासाठी रूढ झालेला असल्याने तो खेळात आणू नये. गंधर्व रूपाने आणि गाण्याने एल्फांच्या जवळचे आहेत हे खरे, परंतु महाराष्ट्रात बालगंधर्व, सवाई गंधर्व आणि कुमार गंधर्व यांच्यानंतर हा शब्द गायनाला कायमचा वाहिलेला आहे. 'गंधर्वाने बाण सोडला' असे आपण म्हणालात की टेबलाभोवतीच्या कोणाला तरी तंबोरा ऐकू येणारच. यक्षाचे वेगळे आहे. तो एखाद्या झाडाशी, तळ्याशी किंवा पुरलेल्या धनाशी बांधलेला असतो, परवानगीशिवाय पाणी प्यायला आलेल्यांना प्रश्न विचारतो, आणि उत्तर न देणाऱ्यांना निपचित पाडतो. खेळात एखाद्या वृक्षाचा किंवा झऱ्याचा रक्षक आत्मा असेल तर त्याला यक्ष आणि स्त्रीरूप असेल तर यक्षिणी म्हणावे. याहून चपखल शब्द मिळणार नाही. परंतु धनुष्य घेऊन देशोदेशी हिंडणारा एल्फ म्हणजे यक्ष नव्हे.

राहिले विद्याधर, ज्यांची आठवण आपल्या मंडळीत कोणाला झालेली दिसत नाही. विद्याधर हे माणसांसारखेच असतात. त्यांना नगरे आहेत, राजे आहेत, आपसांतील वैरे आहेत. ते मंत्रविद्येने उडतात आणि रूप पालटतात, आणि माणसांशी त्यांची लग्नेही होतात. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेल्या 'कथासरित्सागरा'ची मुख्य कथाच नरवाहनदत्त हा मानवी राजपुत्र विद्याधरांचा चक्रवर्ती कसा होतो याची आहे. तिची मूळ 'बृहत्कथा' परंपरेनुसार गुणाढ्याने सातवाहन राजासाठी, म्हणजे आपल्या पैठणच्या दरबारासाठी पैशाची भाषेत लिहिली. खेळातील एल्फाला जे जे लागते ते सारे विद्याधरापाशी आहे. अडचण एवढीच की मुंबईच्या प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत एखादे विद्याधरकाका असतात, आणि ते बहुधा संस्थेचे सचिव असतात.

म्हणून माझा सल्ला असा. आपण इंग्रजी पुस्तकातील तयार जग खेळत असाल तर एल्फाला एल्फच म्हणावे. डॉक्टर किंवा मास्तर यांच्याप्रमाणे तो शब्द मराठी विभक्ती विनातक्रार घेतो : एल्फाने, एल्फांचा, एल्फांकडून. स्त्रीलिंगासाठी 'एल्फीण' करण्याचा मोह टाळावा, कारण डाकीण आणि जखीण यांच्या शेजारी ते रूप फार भेसूर वाटते. 'ती एल्फ' पुरेसे आहे. फेअरी हा शब्द कोठे मूळ रूपात लिहावाच लागला तर 'फेअरी' असाच लिहावा. 'फेरी' लिहिलेत की मुंबईकर भाऊच्या धक्क्यावर जाऊन उभा राहील. आणि कधी स्वतःचे, पैठण-जुन्नर-सोपारा या जुन्या व्यापारी वाटांवर बेतलेले जग रचायचे ठरवलेत, तर तेथे एल्फ आणूच नयेत. विद्याधर आणावेत, आणि काकांची माफी मागावी.

प्रश्न : अशाच खेळात पात्राची 'रेस' लिहावी लागते. आम्ही 'जात' लिहित होतो. त्यावर एका मैत्रिणीने आक्षेप घेतला. तिचे बरोबर आहे का? (मुलुंड)

उत्तर : पूर्णपणे बरोबर आहे. भाताची जात, आंब्याची जात असे आपण सहज म्हणतो, त्यामुळे हा शब्द लेखणीतून आपसूक उतरतो. परंतु नव्याने आलेल्या खेळाडूला पहिलाच प्रश्न 'तुझी जात कोणती?' असा विचारला जाणे कोणत्याही मराठी घरात खेळ म्हणून ऐकले जाणार नाही. 'कूळ' म्हटले तर शहाण्णव कुळी एल्फ निघतील. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या इंग्रजी नियमपुस्तकाच्या २०२४च्या आवृत्तीत 'रेस' हा शब्द काढून त्या जागी 'स्पीशीज' घेतलेला आहे, तेव्हा छापील तक्त्यात 'प्रजाती' लिहिणे योग्य ठरेल. बोलताना मात्र मी 'गण' सुचवीन. पत्रिका जुळवताना देवगण, मनुष्यगण आणि राक्षसगण हे शब्द घरोघर ऐकलेले असतात, त्यामुळे 'माझा गण एल्फ' हे कानाला खटकत नाही आणि समजावूनही सांगावे लागत नाही.

प्रश्न : एका दिवाळी अंकासाठी मी आयर्लंडमधील काही लोककथांचा अनुवाद करीत आहे. त्यांतील फेअरी पंखवाल्या नाहीत. त्या टेकड्यांखाली राहतात, बाळे पळवतात, रागावल्या तर गुरांना आजार आणतात. माझ्या माहेरी, रोह्याकडे, विहिरीपाशी साती आसरांचे ठाणे आहे आणि त्यांच्याविषयी लहानपणी ऐकलेले बरेचसे असेच होते. मग फेअरींना 'आसरा' म्हणावे का? (बोरिवली)

उत्तर : साम्य आपण अचूक हेरले आहे, आणि नेमके त्यामुळेच 'आसरा' हे नाव देऊ नये असे मला वाटते.

आधी साम्य पाहू. आयरिश भाषेत या लोकांना 'ईस शी', म्हणजे टेकड्यांचे लोक, म्हणतात. या टेकड्या अनेकदा प्रागैतिहासिक दफनस्थळे असतात. न्यूग्रेंजची टेकडी इ.स.पू. ३२००च्या सुमारास बांधलेली आहे, आणि कथांनुसार पराभूत होऊन भूमीखाली गेलेल्या 'तुआहा दे दानन' या प्राचीन देवांचे ते घर आहे. त्यांच्या वाटेवर घर बांधू नये, त्यांचे झाड तोडू नये, त्यांनी दिलेले अन्न खाऊ नये, असे निर्बंध तेथील खेडुतांनी पिढ्यानपिढ्या पाळले. बाळ बदलले जाऊ नये म्हणून पाळण्यावर लोखंडी चिमटा आडवा ठेवीत. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा सुरी ठेवतात त्यामागची समजूत फारशी वेगळी नाही. काळाचा खेळही दोन्हीकडे सारखा आहे. चिरतारुण्याच्या देशात आयरिश कथांतील वीर ओइसिन तीन वर्षे राहिला असे त्याला वाटते आणि परत येतो तो तीनशे वर्षे उलटलेली असतात. आपल्या पुराणात रेवतीचा पिता ककुद्मी तिच्यासाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो, तेथे गंधर्वांचे गाणे संपेपर्यंत थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर युगे लोटलेली असतात. पुढे तिचे लग्न बलरामाशी होते.

परंतु आसरा ही संग्रहालयात गेलेली समजूत नाही. आपल्या माहेरच्या विहिरीपाशी शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडलेले असतील, त्यांच्यापुढे कोणाच्या तरी नवसाचा हिरवा चुडा आणि खणानारळाची ओटी आजही पडत असेल. आसरा हे नावच अप्सरांवरून आले, देशावर काही ठिकाणी त्यांना मावलाया, म्हणजे माउल्या, म्हणतात, आणि बाळंतीण पाण्यावर जाते तेव्हा आधी त्यांना मान देते. इंग्रजी अमदानीतील अधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी प्रश्नावली पाठवून शाळामास्तरांकडून अशा समजुतींची माहिती गोळा केली होती. १९०९ साली नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी झाडलेल्या गोळ्यांनी त्यांचा अंत झाल्यानंतर आर. ई. एन्थोवेन यांनी ते साहित्य संपादित केले, आणि त्यातील कोकणविषयक खंड १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्या पानांतून दिसते ते हे की जलदेवतांशी गावाचे नाते भीतीचे असते तसेच मानपानाचेही असते. आयरिश टेकडीखालच्या लोकांना 'आसरा' म्हटल्याबरोबर वाचक ओटी भरायला निघेल. कथेतील शेतकरी मात्र त्यांना चुकवण्याच्या खटपटीत आहे. शिवाय ज्यांची पूजा चालू आहे अशा देवतेचे नाव दूरच्या देशातील बाळे पळवणाऱ्यांना देणे रोह्याच्या वाचकाला रुचणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकणार नाही.

मूळ नाव तसेच ठेवावे असे म्हणावे, तर निराळेच संकट येते. 'शी' हा शब्द मराठीत नाक मुरडण्यासाठी राखीव आहे. 'डोंगराखालून शी बाहेर आली' असे वाक्य कोणत्याही संपादकाकडून सुटू नये. म्हणून निवेदनात 'टेकडीखालची माणसे' असे साधे वर्णनच नाव म्हणून वापरावे. मूळ शब्दाचाही अर्थ तोच आहे. फक्त आक्रोश करून मृत्यूची सूचना देणारी 'बॅनशी' नावाने ओळखली जाते, तिला हात लावू नये.

संवादांसाठी मात्र मराठीने आपल्याला आयते देणे देऊन ठेवले आहे. आयर्लंडमधील खेडूत या लोकांचे नाव उच्चारीत नाहीत. ते त्यांना 'चांगली माणसे' म्हणतात. वेल्समध्येही 'गोरे कुटुंब' अशा अर्थाचे गोड नाव आहे. आपणही बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो, रात्री सापाला 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणतो, अंगावर फोड उठले की 'देवी आल्या' म्हणत होतो, आणि कोणाला झपाटले असेल तर आवाज खाली आणून 'बाहेरचं आहे' एवढेच सांगतो. कथेतील म्हातारीने सुनेला बजावताना 'तिन्हीसांजेला तिकडे फिरकू नकोस गं, त्यांची वाट आहे ती' असे म्हटले, तर फेअरी, परी, आसरा यांपैकी काहीही न लिहिता वाचकाच्या अंगावर काटा येईल. अनुवादात पहिल्यांदा 'त्यांची' आले की त्याच परिच्छेदात टेकडीचा उल्लेख येईल एवढी काळजी घ्यावी.

प्रश्न : मुलीच्या शाळेत नाताळच्या कार्यक्रमात तिला सांताक्लॉजच्या 'एल्फ'ची भूमिका मिळाली आहे. आजीला काय सांगावे? (विलेपार्ले)

उत्तर : 'सांताचे मदतनीस' सांगावे. टोकदार टोपी घालून खेळणी बनवणारे हे चिमुकले कारागीर एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी कल्पना आहेत. गंमत म्हणजे १८२३ साली छापल्या गेलेल्या एका प्रसिद्ध नाताळ-कवितेत खुद्द सांतालाच एल्फ म्हटलेले आहे. 'बुटके' किंवा 'ठेंगू' हे शब्द टाळावेत, कारण ते हाडामांसाच्या माणसांना टोचण्यासाठी सर्रास वापरले जातात. आजीने फारच खोदून विचारले, तर अंगठ्याएवढ्या वालखिल्य ऋषींची आठवण करून द्यावी. गाईच्या खुराने झालेल्या डबक्यात ते पडले तेव्हा इंद्र त्यांना हसला, आणि मग त्यांनी दुसरा इंद्र निर्माण करण्यासाठी यज्ञ मांडला. आजीला ती कथा बहुधा आपल्यापेक्षा चांगली येत असेल.

प्रश्न : एका संगणकीय खेळाचे मराठीकरण आम्ही हौसेने करीत आहोत. त्यात 'डार्क एल्फ' आहेत. त्यांना 'काळे एल्फ' म्हणावे का? आणि दुष्ट फेअरींना हडळ, जखीण, देवचार अशी अस्सल मराठी नावे दिली तर खेळ आपला वाटेल, असे माझे मत आहे. मी मूळचा मालवणचा आहे. (भांडुप)

उत्तर : मालवणच्या माणसाने देवचाराला दुष्टांच्या यादीत घालावे याचे थोडे आश्चर्य वाटले. देवचार हा सिंधुदुर्गात आणि गोव्यात गावाचा राखणदार आहे; खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री सीमेवरून फिरणे आणि चुकलेल्याला वाटेला लावणे ही त्याची कामे. तो कोपतो, पण मान राहिला नाही म्हणून. खेळाडूने त्याला तलवारीने मारून गुण मिळवावेत अशी रचना केलीत तर खेळ आपला वाटण्याऐवजी गावाकडून फोन येतील. त्याला खेळात जरूर आणावे, परंतु वाट दाखवणारा म्हणून.

हडळ आणि जखीण यांचा प्रश्न वेगळा आहे. लोकसमजुतीत त्या मेलेल्या बायकांच्या अतृप्त छाया आहेत. फेअरी मेलेल्या नसतात. त्यांचा स्वतंत्र लोक असतो, राज्य असते, स्कॉटलंडच्या कथांत तर त्यांचे सुष्ट आणि दुष्ट असे दोन दरबार सांगितले आहेत. जखिणीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हा शब्द यक्षिणीवरून आलेला आहे. यक्षिणीची घसरण होऊन जखीण झाली, तर फारसीत दुष्ट पइरिकेची बढती होऊन परी झाली. आपल्या खेळात शापाने भ्रष्ट झालेली एखादी यक्षिणी असेल तर तिला जखीण म्हणणे फार शोभेल. सरसकट सर्व दुष्ट फेअरींना ते नाव देऊ नये. त्यांच्यासाठी 'रुष्ट दरबारातील पऱ्या' असे काही करता येईल.

'काळे एल्फ' मात्र मुळीच नको. स्नोरीच्या ग्रंथात भूमीखालचे एल्फ डांबराहून काळे आहेत असे म्हटले आहे हे खरे. भूमिकांच्या खेळांत हे लोक १९७०च्या दशकाच्या अखेरीस 'ड्राऊ' या नावाने आले. ते नाव स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड आणि ऑर्कनी बेटांच्या बोलीतून घेतलेले आहे. काळी कातडी आणि दुष्ट स्वभाव यांची ही सांगड 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रकाशकांनाही अलीकडच्या वर्षांत अडचणीची वाटू लागली आणि त्यांनी सर्व ड्राऊ दुष्ट नसतात अशी दुरुस्ती केली. आपल्या समाजात रंगावरून मुलींची लग्ने अडतात. तेथे 'काळे' हे विशेषण शत्रूच्या नावात छापून ती सांगड नव्याने बांधण्याचे काही कारण नाही, विशेषतः या एल्फांची खरी ओळख ते राहतात कोठे यावरून होत असताना.

ते भूमीखाली राहतात, तेव्हा त्यांना 'पाताळी एल्फ' म्हणावे. आपले पाताळ म्हणजे नरक नव्हे. पुराणांत तेथे नागांची रत्नखचित नगरे आहेत, बळीचे राज्य आहे, आणि नारद तेथून परत येऊन पाताळ स्वर्गाहूनही रम्य असल्याचे सांगतो. त्यामुळे हे लोक वैभवशाली आहेत हेही आपोआप सुचवले जाते. खेळात त्यांची घराणी सतत एकमेकांविरुद्ध कारस्थाने रचत असतात, आणि अशा माणसाला मराठीत पाताळयंत्री म्हणतात, हा तर वरकड लाभ आहे. पडद्यावर जागा कमी असते, याचाही विचार केला आहे : 'पाताळी' हा शब्द एकटाही चालतो आणि 'पाताळी राणी', 'पाताळी हेर', 'पाताळी बोली' असे सर्व समास त्यावरून होतात. फक्त पडद्यावरचा टंक 'ळ' नीट दाखवतो की नाही, ते भाषांतर सुरू करण्यापूर्वी एकदा तपासून पाहावे.